गोटीला विटाळ नसतो

बाईंनी निम्मी बाटली पिऊन संपवली होती. पदरानं ओठ टिपले होते. बूच परत बसवायला बोटांत धरलं होतं आणि तेवढ्यात त्यांना कळलं, मी कोण ते.

त्या ओरडल्या नाहीत. शिकलेली माणसं ओरडत नाहीत. त्यांनी बाटली सतरंजीच्या बाहेर मातीवर ठेवली. पर्समधून रुमाल काढला, त्यात थुंकल्या, आणि तो रुमाल खुर्चीखाली टाकून दिला. चांगला कशिद्याचा रुमाल होता. मग माझ्याकडं न बघता शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या, "हे पाणी भरलं कोणी, तेवढं विचारून घ्या."

मी तिथंच उभी. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. हातात बाटल्यांची जाळी. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला विचारायचं नव्हतं, माझ्याबद्दल विचारायचं होतं.

"मीच भरलंय," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. वर व्यासपीठावर गाणं चालू होतं. बाईंनी समेवर मान हलवली.

थोड्या वेळानं मंडपाच्या मागं, शाळेच्या तारेच्या कुंपणाशी, मी भरलेली एकेक बाटली ओतली गेली. दुष्काळाचं साल. आमच्या वस्तीची विहीर तळाला जाऊन महिने झालेले. आई पहाटेपासून टँकरच्या रांगेत घागर ठेवून बसायची, आणि इथं चांगलं गाळलेलं पाणी मातीत चाललं होतं. माती इतकी वाळली होती की ओल दिसेपर्यंत दुसरी बाटली रिकामी व्हायची.

हे मी आता सांगते. तेव्हा सांगायला कोणी नव्हतं.

मी सोड्याच्या कारखान्यात होते. कारखाना आपला म्हणायचा. पत्र्याची लांब खोली, मागं पाण्याची टाकी, कोपऱ्यात गॅसची नळकांडी आणि मधे एक लोखंडी चाक. बाटलीत पाणी भरायचं, ती चाकाच्या पिंजऱ्यात अडकवायची, गॅस सोडायचा आणि चाक फिरवायचं. गॅसच्या दाबानं बाटलीतली काचेची गोटी तोंडाशी जाऊन घट्ट बसायची. तिला बाहेरून कुणाचा हात लागत नसे. गिऱ्हाइकानं स्वतःच्या अंगठ्यानं गोटी खाली दाबायची, फट् आवाज व्हायचा, आणि सोडा तोंडाला. एखादी बाटली चाकातच फुटायची. म्हणून तोंडावर जाळी बांधायची आणि हाताला गोणपाट गुंडाळायचं. तरी मनगटावर काचेचे वण आहेतच.

सोड्याबद्दल गावात एक समजूत होती. पाणी पिताना जात बघायची, सोडा पिताना बघायची नाही. का, तर गॅसनं पाणी शुद्ध होतं आणि गोटी कुणी हातानं बसवत नाही. सोवळ्यातल्या म्हाताऱ्या, ज्या दुसऱ्याच्या घरी पाण्याचा घोट घेत नसत, त्या पोट फुगलं की दुकानासमोर टांगा थांबवून सोडा मागायच्या. "गोटीला विटाळ नसतो," असं म्हणायच्या आणि गटागटा प्यायच्या. ढेकर द्यायच्या. पुण्य कुठं जात नसे.

मला हे वाक्य आवडायचं. मला खरंच वाटायचं की बाटलीनं मोठं काम केलं. वस्तीत मी फुशारकी मारायची. "सगळं सोलापूर माझ्या हातचं पितंय."

आई भाकरी थापता थापता म्हणायची, "व्हय, पण त्यास्नी ठावं हाय का?"

मी म्हणायची, "तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं."

आईला कळत होतं. मला बावीस वर्षांची होऊनही कळत नव्हतं.

मालकांनी मला कामावर ठेवताना जात विचारली नव्हती. पत्ता विचारला. पत्ता कळला की सगळं कळतं. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा बरीच वर्षं लोटली होती, पण शहर आमची वस्ती जुन्याच नावानं ओळखायचं.  मालक म्हणाले, "माझं काय न्हाय बग. मी मानत न्हाय. पण गिऱ्हाइकाचं बगावं लागतं." दुसऱ्या दिवशी दुकान आणि कारखाना यांच्यामधल्या दाराला गोणपाटाचा पडदा लागला. धूळ येते म्हणून, असं मला सांगितलं. धूळ पडद्याच्या कुठल्या बाजूला होती ते त्यांनाच माहीत.

पडद्याच्या पुढं सुमन उभी राहायची.

सुमन मालकांची लांबची पुतणी, माढ्याकडची. बाप वारला तशी आईनं तिला काकाच्या दारात आणून सोडली. शाळा माझ्याइतकीच, सातवी. अंगावर मालकिणीच्या विटक्या साड्या. माझ्याहून सावळी, माझ्याहून बारकी, हिशोबात माझ्याहून कच्ची. रात्री मालकांच्या स्वयंपाकघरात भांड्यांशेजारी झोपायची. पण तिनं बाटली पुढं केली की माणसं हात पुढं करायची. "कसं काय सुमन?" म्हणायची. तिच्या हाताला नाव होतं. माझ्या हाताला गोणपाट.

मला तिचा हेवा वाटायचा. थोडा नाही. पोटात आग पडावी असा. ती हसली की मला वाटायचं माझं हसू चोरलं. ती केसात अबोलीचा गजरा घालायची, तर मी घरी येऊन स्वतःच्या केसांवर राग काढायची. ती आजारी पडावी असंही मी मनात म्हटलं आहे. एकदा ती खरंच आजारी पडली, तर मालकांनी दुकान बंद ठेवलं, पण मला पडद्याबाहेर काढलं नाही. तापानं फणफणलेल्या सुमनचाही मला हेवा वाटला. तिच्यावाचून दुकान अडत होतं.

सुमन वाईट असती तर बरं झालं असतं. हेवा करायला सोपं गेलं असतं. ती चांगली होती. दुपारी चिवडा आणला की मला द्यायची. पण पुडी हातात द्यायची नाही. पडदा बाजूला करून माझ्या ओंजळीत वरून सोडायची. तिला त्यात काही वाटायचं नाही. चिमणीला दाणे टाकताना काय वाटतं? चिवडा खमंग असायचा. मी खायची, आणि खाताना तिच्यावर जळायची.

दुकानासमोर एक रेडिओ दुरुस्तीवाला बसायचा. दिवसभर गाणी. पडद्याच्या आत, चाकाच्या खडखडाटात, मला तुटक तुटक ऐकू यायची. सुमनला पूर्ण. संध्याकाळी ती नव्या गाण्याचा मुखडा गुणगुणायची आणि अंतरा चुकवायची. मला अंतरा ऐकूच आलेला नसायचा, त्यामुळं चूक काढता यायची नाही. माझ्या घरात ताल होता. वडील हलगी वाजवायचे. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ती चुलीत घातली. "मेल्याच्या म्होरं आन लग्नाच्या म्होरं वाजवायचं, आन मागनं जेवायला पंगतीच्या भाइर बसायचं. बास झालं," असं म्हणाले. हलगी गेली, पण त्यांची बोटं परातीवर, पत्र्यावर, आमच्या पाठीवर वाजतच राहिली. गाण्याची भूक मी त्यांच्याकडून घेतली. आणि ती भूक भागवायचं काम सुमनच्या कानांना मिळालं.

शहरात दर वर्षी एका मोठ्या शाळेच्या पटांगणात संगीत महोत्सव भरायचा. मंडप, सतरंज्या, पुढं खुर्च्या, पुण्या-मुंबईचे गवई. आदल्या वर्षी सोडा आमच्याच कारखान्यातून गेला होता आणि फजिती झाली होती. बुवांनी आलाप सुरू केला की कुठून तरी फट्. परत आलाप, परत फट्. पाठोपाठ ढेकर. एक ढेकर म्हणे असा सुरेल निघाला की तबलजी हसला. बुवा रागावून उठून गेले. म्हणून त्या वर्षी मंडळाचे चिटणीस दुकानात आले आणि म्हणाले, "गॅस नको. साधं पाणीच द्या, बाटलीतून. यंदा शाळेच्या नळाला पाणी नाही, आणि बाहेरचं गढूळ पाणी पाहुण्यांना कसं द्यायचं?"

मालकांना दुष्काळात धंदा दिसला. पण साध्या पाण्यावर गोटी बसत नाही. गोटीला आतून गॅसचा जोर लागतो. मग सरबताच्या जुन्या बाटल्या आणल्या आणि बुचं आणली. मी बाटल्या राखेनं घासल्या, बुचं उकळली, टाकीचं पाणी कापडाच्या दुपदरी धडप्यातून गाळलं, आणि एकेक बूच तळहातानं ठोकून बसवलं. तळहात सुजला. त्यावरून मला कौतुकाचा शब्द हवा होता. सुमन बाटल्या उजेडात धरून म्हणाली, "लई निर्मळ दिसतंय गं." एवढंच मिळालं, तेही तिच्याकडून.

महोत्सवाला सुमन एकटी पुरणार नव्हती. मालकांनी मला हाक मारली. "ए पोरी, धुतलेली साडी हाय का? मग चल उद्या सकाळच्या बैठकीला. तू मागच्या अंगाला फिर, सुमी म्होरं फिरंल. बोलू नको कुणासंगं."

मी रात्रभर साडी उशाखाली दाबून इस्त्री केली.

सकाळी मंडपात शिरले तेव्हा पहिल्यांदा मला तंबोरा जवळून ऐकू आला. पडदा नाही, चाक नाही.  गाणाऱ्या बाई जाड होत्या, साध्या होत्या, त्यांच्या नाकात मोठी चमकी होती. मागं त्यांची एक शिष्या तंबोरा धरून बसली होती. माझ्याच वयाची. तिचाही हेवा वाटला. खुर्च्यांवरच्या बायकांचा वाटला, ज्या गाणं चालू असताना एकमेकींच्या साड्या बघत होत्या. एवढं गाणं कानाशी येऊन उभं आणि यांना काठ बघायला वेळ. सुमन पुढच्या रांगेत जाळी घेऊन फिरत होती आणि लोक डोलले की तीही डोलायची, ताल सोडून. माझ्या पायाचा अंगठा मातीत बरोबर समेवर पडत होता आणि ते बघायला कोणी नव्हतं.

पाणी खपत होतं, पण कुरकुरत. सोलापूरचा माणूस पाण्याला पैसे देताना हाताचं बोट कापून दिल्यासारखा देतो.

एक पागोटेवाले म्हणाले, "पाण्याला पैसे? आरं, पाणी पाजणं पुण्य असतंय. इकता काय?"

"पैसं बाटलीचं हायत, मालक. पाणी फुकट," मी म्हणाले. मालकांनी शिकवलेलं उत्तर.

"मग पाणी वत माझ्या वंजळीत आन बाटली ऱ्हाऊ दे तुला."

आसपासचे हसले. मीही हसले. त्यांच्या शेजारचा म्हणाला, "घ्या हो, घ्या. नळाचं पिऊन गेल्या आठवड्यात माझं पोट बिघडलं. डॉक्टरपेक्षा बाटली स्वस्त." पागोटेवाल्यांनी घेतली, बूच काढलं, वास घेतला, चव घेतली आणि म्हणाले, "गोड हाय. टाकीचं दिसतंय." त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली होती. आमची बोटं लागली होती. मला वाटलं, झालं. पडदा गेला. एवढंच तर होतं.

माझी जाळी रिकामी होत आली, सुमनच्या आधी. मला किती आनंद झाला सांगू. गाण्याचा नाही, सुमनच्या आधी संपल्याचा. मी नव्या बाटल्या भरून घेतल्या आणि मालकांनी सांगितलेलं विसरून पुढच्या अंगाला गेले. तिथं खुर्चीवरच्या बाईंनी बोट वर केलं. मी बाटली दिली. त्यांनी घेतली. प्यायल्या.

त्यांच्या दुसऱ्या बाजूला आमचे गुरुजी बसलेले मला दिसले नाहीत. त्यांना मी दिसले. शाळेत सातवीपर्यंत मला शिकवलं त्यांनी. भला माणूस. मला कधी मारलं नाही. शाळेत आमचं पाण्याचं डेरं वेगळं होतं, त्याला तेही काही बोलले नव्हते, एवढंच. आता मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात नाही, पण शेजारी ऐकू जाईल इतपत प्रेमानं ते म्हणाले, "अगं, तू ना? ओळखलं नाहीस? मी नेहमी सांगतो, त्या वस्तीतून एवढी हुशार मुलगी मी दुसरी बघितली नाही." आणि त्यांनी वस्तीचं नाव घेतलं. जुनं नाव.

शिवी दिली असती तर मला कळलं असतं काय करायचं. कौतुकाला काय करायचं?

मग बाईंचा रुमाल. मग ते वाक्य. आणि माझं, "मीच भरलंय."

गुरुजींचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

चिटणीस वाकत वाकत आले. मला कोपराच्या जवळ धरल्यासारखं केलं, पण धरलं नाही. मंडपामागं नेलं. मालकही आले. चिटणीस हळू बोलत होते. "हे बघा, आमच्यापैकी कोणाचं काही म्हणणं नाही. काळ बदलला आहे. पण ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांचे काही नियम आहेत. सोडा असता तर प्रश्न नव्हता. हे पडलं साधं पाणी, त्यात हातानं बूच लावलेलं. तुम्ही असं करा, गोटीच्याच बाटल्या मागवा. मध्यंतरात देऊ, म्हणजे ढेकरांचा त्रास नाही."

"आन ह्या?" मालकांनी जाळीकडं बोट केलं.

"ह्या कोणाला दिसायला नकोत."

मालकांनी सुमनला हाक मारली. "सुमे, ह्या वत तिकडं."

सुमननं माझ्याकडं बघितलं. मग बाटल्या उचलल्या आणि कुंपणाशी जाऊन एकेक बूच काढून ओतायला लागली. बुचं मी घट्ट ठोकली होती. तिला ती दातानं ओढावी लागत होती. माझ्या हातानं बसवलेलं बूच तिच्या दातात, आणि तिला त्याचं काही नाही, कारण तिथं बघणारं गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हणाले, "सुमे, एक बाटली ठेव. माझ्या आईला नेते." ती थांबली. मालक म्हणाले, "वत म्हणलं न्हवं?" तिनं ती पण ओतली.

आत गाणाऱ्या बाईंनी वरचा षड्ज लावला होता. मंडपातून वाहवा आली. मी ते गाणं ऐकलं नाही. कान उघडे होते, पण ऐकलं नाही. या लोकांनी माझं पाणी घेतलं, माझी सकाळ घेतली आणि तो सूरही घेतला. पाण्यापेक्षा सुराचं मला जास्त लागलं, हे खरं सांगते. तेवढ्यासाठी तर मी आले होते.

हातगाडीवरून सोडा आला. गोटीच्या बाटल्या, ओल्या गोणपाटाखाली गार. परवा भरलेल्या. कुणी? मीच. त्याच टाकीचं पाणी, त्याच धडप्यातून गाळलेलं, याच हातानं भरलेलं. सुमनला त्या वाटायला उभी केली. मध्यंतर झालं आणि मंडपात नुसतं फट् फट् फट् सुरू झालं. माणसं हसत होती, आदल्या वर्षीच्या ढेकराची आठवण काढत होती. त्या बाईंनीही घेतली. पदर सावरला, अंगठ्यानं गोटी दाबली, मान मागं टाकून प्यायल्या. तहान लागली होती त्यांना. सकाळपासून अर्धीच बाटली पोटात गेली होती, तीही मनातून बाहेर काढलेली.

मी मंडपामागून बघत होते आणि मला सगळं एकदम समजलं. ही माणसं पाण्याला पैसे देतच नव्हती. गढूळ नाही म्हणूनही देत नव्हती. आपण कुणाच्या हातचं पितोय हे दिसू नये, त्याचे पैसे देत होती. गोटी तेवढंच काम करायची. मी झाकलेली राहीन तोवर त्यांच्या घशाखाली उतरेन. आणि मी, मूर्ख, वस्तीत सांगत फिरायची की सगळं सोलापूर माझ्या हातचं पितंय.

मी आत गेले. मागच्या अंगानं नाही. मधल्या वाटेनं, सतरंजीवरून, पायात चपला तशाच. व्यासपीठाजवळ पोचले. ध्वनिक्षेपक बंद होता, मला लागलाही नाही. वडिलांचा आवाज होता माझ्या घशात.

मी म्हणाले, "सोडा पण मीच भरलाय."

पुढचे ऐकत नव्हते. मी परत म्हणाले, "तुमच्या हातात सोडा हाय न्हवं, त्यो मीच भरलाय. पाणी त्याच टाकीचं. हात हेच. गोटी गॅसनं बसलीया, पण पाणी तिच्या आदी मी घातलंय. चार वर्सं झाली, तुमी माज्या हातचंच पिताय."

पुस्तकी मराठी मला येत होती. गुरुजींनीच शिकवली होती. तिथं ती तोंडात आली नाही. आली नाही तेच बरं झालं.

मंडप शांत झाला. गवय्यालाही अशी शांतता मिळत नाही. कुणाच्या बाटल्या ओठांशी, कुणाच्या मांडीवर. बाईंच्या गालात घोट होता. गिळावा तर पंचाईत, थुंकावा तर दुसरा रुमाल नव्हता. त्या माझ्याकडं बघत होत्या. सकाळपासून पहिल्यांदा. मीही बघत राहिले. त्यांनी गिळला.

मागून एक ढेकर आला. पागोटेवाल्यांचा. ते म्हणाले, "चार वर्सं पचलंय की. मग आता काय बोंबलायचंय?" आणि उरलेला सोडा पिऊन टाकला. दोघे तिघे हसले. बाकीच्यांनी बाटल्या हळूच खाली ठेवल्या, अर्ध्या भरलेल्या. सतरंजीच्या कडेनं रांग लागली बाटल्यांची. गाणाऱ्या बाई वरून बघत होत्या. त्यांनी काही केलं नाही. मला वाटलं होतं, करतील. गाणारे फार मोठ्या मनाचे असतात असं मी समजत होते. त्यांनी शिष्येला तंबोरा लावायला सांगितला.

मालकांनी मला बाहेर काढलं. "धंद्यात माती कालवलीस. पोटच्या पोरीगत वागवली तुला, आन तू..." पोटची पोर पडद्यामागं ठेवतात होय? मी विचारलं नाही. चालत घरी आले.

संध्याकाळी दुकानात बोलावणं आलं. मालक निवळले होते. चाक फिरवायला दुसरं माणूस मिळणं सोपं नव्हतं. काचेला सगळे भितात. म्हणाले, "झालं गेलं जाऊ दे. लोक इसरत्यात. आठ दिसानं तेच येत्याल सोडा प्यायला. तू आत ये, काम कर. तोंड तेवढं बंद ठेव."

मी म्हणाले, "येते. पण पडदा काढा. भरीन मी आन दीन बी मीच. सुमनच्या शेजारी उभी ऱ्हाईन. कुणी इचारलं तर वस्ती सांगीन."

"मग सोडा कोण पिणार?"

"ज्याला तहान हाय त्यो."

"आन न्हाय पिला कुणी तर?"

"मग नका इकू."

मालक हसले. "तुज्याबिगर चाक थांबत न्हाय, पोरी."

"थांबवू नका," मी म्हणाले, आणि हाताचं गोणपाट काढून चाकावर ठेवलं.

सुमन मागोमाग रस्त्यापर्यंत आली. रडत होती. "ऱ्हा की गं. कशाला वाईटपणा घितलास?"

"वतताना काय वाटलं न्हाय तुला?"

"वाटलं की. पण न्हाय म्हणले असते तर मला कुटं ठिवलं असतं? मला कुटं जागा हाय?"

खरं होतं ते. तिला नाही म्हणता येत नव्हतं. मला आलं होतं. ती तशीच उभी राहिली, डोळे पुसत, आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मी ती नजर लगेच ओळखली. पडद्याच्या फटीतून मी तिच्याकडं कित्येक दिवस अशीच बघत आले होते. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. ऊन होतं, हाताला फोड आले, आणि पाणी पाजणाऱ्या बाईनं आमच्यासाठी वेगळी घागर ठेवली होती. मी बाकीच्यांच्या घागरीत पेला बुडवला. ती ओरडली. मी पेला भरून तिच्यासमोर प्यायले आणि पुन्हा बुडवला. मुकादम आला, बडबडला, त्या दिवसाची माझी हजेरी कापली. दुसऱ्या दिवशी मी परत त्याच घागरीशी गेले.

हेवा माझ्या मनातून गेला नाही. कुणी सांगत असेल की जागं झालं की माणूस निर्मळ होतं, तर तो थापा मारतोय. रेडिओवर त्या बाईंचं गाणं लागलं तर अजून माझं पोट जळतं. तो षड्ज माझ्या वाट्याचा होता आणि त्याला मी मुकले. पुढच्या खुर्चीत बसून मान हलवणाऱ्यांचा मला अजून हेवा वाटतो आणि मी तो विझू देणार नाही. पण सुमनची जागा मला नको. कुणाला तरी पडद्यामागं ठेवून पुढं उभं राहायची जागा मला कुणी आयती दिली तरी नको.

आता माझी अट एकच. ज्याला माझ्या हातचं पाणी चालत नाही, त्याला माझ्या हातचं काहीच मिळणार नाही. सोडा नाही, फोडलेली खडी नाही, झाडलेला रस्ता नाही. मी झाकून घेऊन कुणाची तहान भागवणार नाही. माझं तोंड बघा, माझी वस्ती विचारा, मी सांगेन. मग ठरवा, तहान लागली आहे का नाही.